डागाचा रकाना आणि दासोहाचा फलक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संक्रांतीला आपल्या सोलापुरात भरणाऱ्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या बातम्यांसोबत आपल्या अंकात अन्नदानाचे फोटो येतात. मोठ्या पातेल्यातून भात वाढणारे हात, मागे देणगीदारांच्या नावांचा फलक, फलकावर ठळक अक्षरांत ‘दासोह’, म्हणजे आपल्या कमाईतून घातलेले जेवण. यंदा असा एक फोटो मी भिंग घेऊन पाहिला. वरून तिसरे नाव माझ्या जुन्या मालकांचे निघाले. म्हणून हे पत्र.

पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात मी २६ वर्षे हप्त्याचे पुस्तक लिहिले. चादरी आणि टॉवेल. शनिवारी हप्ता. पुस्तकात कामगाराच्या नावापुढे नग, नगाचा दर, उचल आणि शेवटी एक अरुंद रकाना असायचा, डागाचा. चादर मागावरून उतरली की तपासायला जाते. धागा तुटलेला दिसला, तेलाचा ठिपका पडला, किनार ओढली गेली, की विणणाऱ्याच्या मजुरीतून पैसे कापायचे. डाग खरा असेल तर त्याबद्दल कामगारही फारसे बोलत नसत. पण आमच्याकडे डाग श्रावणात वाढायचे. पुन्हा संक्रांतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत वाढायचे. माग तेच, सूत तेच, विणणारे तेच. आणि जिचे पैसे कापले ती चादर? ती चांगल्या मालाच्या गठ्ठ्यात जायची, चांगल्या मालाच्या भावाने विकली जायची. गठ्ठ्यांचा हिशेबही माझ्याच हाताखाली, त्यामुळे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मालक ढोंगी होते असे मी म्हणणार नाही. ढोंगी माणसाला आपण ढोंग करतोय हे ठाऊक असते. यांची श्रद्धा खरी होती. श्रावणात अनवाणी गावातल्या आणि भोवतालच्या अडुसष्ट लिंगांचे दर्शन घ्यायचे, पायाला फोड आले तरी चप्पल नाही. यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा होतो, त्याला पांढरी बाराबंदी घालून संमती कट्ट्यापाशी उभे राहायचे. सात नंदीध्वज आले आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ सुरू झाले की डोळ्यांतून घळाघळा पाणी. ते पाणी मी शेजारी उभा राहून पाहिले आहे. सोमवारी मात्र ऑफिसात आल्या आल्या पहिला प्रश्न, “या आठवड्यात डाग कमी कसे?”

आता माझे. माझ्या गळ्यात आम्हा लिंगायतांचे इष्टलिंग आहे. तळहातावर घेऊन त्याची पूजा झाल्याशिवाय मी चहा घेत नाही, आजही. त्याच तळहाताने दहा वाजता तो रकाना भरायचो. कधी कुणी विचारले, “अण्णा, माझ्या चादरीला कुठं होता डाग?” तर मी पुस्तकात मान घालून म्हणायचो, “तपासणीवाल्याला विचार.” तपासणीवाला म्हणायचा, “मालकांना विचार.” मालक पूजेत असायचे. हे वाक्य लिहिताना मलाच हसू येते, पण खरोखर तसेच व्हायचे.

ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने आपले गाव ओळखले जाते, ते बाराव्या शतकात लोकांना सोबत घेऊन तळे खोदणारे. (त्या तळ्यात आपण निर्माल्य टाकतो, तेही प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून, देवाला अगदी पार्सल. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.) शरणांनी, म्हणजे त्या काळच्या बसवण्णांसोबतच्या शिवभक्तांनी, दासोहाच्या आधी कायक सांगितले. आधी घाम गाळून मिळवा, मग त्यातले वाटा. आयदक्की मारय्याची गोष्ट आमच्या घरी आजी सांगायची. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्याचा भात करायचा आणि शरणांना जेवू घालायचे, हे त्या नवराबायकोचे कायक. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने चूल पेटवली नाही. जास्तीचे तांदूळ जिथून आणलेत तिथे टाकून या, म्हणाली. दान करायला आणलेलेच तांदूळ होते ते! तरी ते तिने घरात येऊ दिले नाहीत. आमच्या कारखान्यात लक्कम्मा डागाच्या रकान्यावर बसली असती, तर मालकांचे नाव त्या फलकावर किती वर्षे लागले असते, याचा हिशेब मला जमण्यासारखा आहे.

हे एका जातीचे किंवा एका धर्माचे नाही, हेही लिहितो, नाहीतर उद्या कुणीतरी सोयीचा अर्थ काढेल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथाचा दोर ओढणारे, कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारे, रमजानमध्ये जकात काढणारे, सगळ्यांच्या कारखान्यांत मी कधी ना कधी हिशेब तपासायला गेलो आहे. रकान्याचे नाव बदलते. १२ जानेवारीला आपण १९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना हार घालतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, ही चार नावे एका दमात घेतो. आमच्या गल्लीत वरची खोली रिकामी झाली, तेव्हा हार घालून आलेल्याच घरमालकाने भाडेकरूला पहिल्यांदा विचारले ते आडनाव.

निवृत्त होताना पुस्तके कारखान्यातच राहिली. पण एका वर्षी मी खिशातल्या डायरीत एका विणकराचे खोटे डाग वेगळे टिपून ठेवले होते. का टिपले ते आठवत नाही. धाडस होईल असे तेव्हा वाटले असावे. त्या वर्षाची बेरीज १,१४० रुपये. तो माणूस आता नाही. यात्रा संपल्यावर मी पाकिटात तेवढे पैसे घालून विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, त्याच्या बायकोकडे गेलो. ती उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू. मला ओळखले. “या अण्णा,” म्हणाली, पण हात थांबले नाहीत. मी सगळे सांगितले. ती ऐकत राहिली, विडीला दोरा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “आम्हाला माहीत होतं की. ते घरी येऊन हसायचे, म्हणायचे, गड्डा आला, आता माझ्या हाताला डाग पडणार.”

मी पाकीट पुढे केले. तिने घेतले नाही. “इतक्या वर्षांनी काय करू? देवाच्या पेटीत टाका, पुण्य लागेल,” म्हणाली, आणि हसली. ते हसणे साधे होते की टोमणा, मला कळले नाही.

पेटीत टाकायला मात्र माझा हात होईना. तो तर मालकांचाच रस्ता झाला असता. दुसऱ्या खेपेला तिच्या नातवाच्या वह्यांचे निमित्त काढून जावे, असे बायको सुचवते. तूर्त पाकीट माझ्या देवघराच्या खालच्या फळीवर आहे, आणि रोज सकाळी पूजेला बसलो की नजर आधी तिकडे जाते.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सोलापूर