जुन्या वस्तूंचा बाजार गल्लीतच भरवा

संपादक महोदय,

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून तांब्याचा बंब, पितळी घंगाळ आणि नातवाची तीनचाकी सायकल निघाली. बंब मोडीत गेला, वर वजनात घट धरली ती वेगळीच. सायकल भंगारवाल्याने किलोवर मागितली. चालती सायकल, किलोवर! दिली नाही. बोहारणीही आता आमच्या गल्लीत क्वचितच फिरकतात.

गणपतीचा मंडप घालतात त्या जागी एखाद्या रविवारी ज्याने-त्याने सतरंजी टाकून नको असलेल्या वस्तू मांडाव्यात. गल्लीच्या पंचांनी एवढे मनावर घ्यावे. किंमत मराठी-कन्नड दोन्हींत लिहावी, घासाघीस होणारच. मिक्सर, पंखे मात्र तिथेच चालवून दाखवावेत. घंगाळ मी आणणार नाही, त्यात तुळस लावली आहे.

— एक आजी, शहापूर, बेळगाव