वायरमन मामा, मागचे दिवे अजून लख्ख आहेत

मामा, सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साताऱ्याकडून येताना खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे तुमची टपरी. वाशीला गूळ घेऊन निघालेली बारा टायर गाडी, मागचे दिवे मरतुकडे आणि ड्रायव्हर वैतागलेला, तो मी. एवढ्यावर ओळखाल.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी खिसा हलका झाला होता. एकाने दोन्ही बल्ब बदलले. दुसऱ्याने ब्रेकचा स्विच बदलला, तो हवेच्या दाबावर चालणारा. दुखणं जिथल्या तिथे. टेल लॅम्प मिणमिणते आणि ब्रेक दाबला की उजळायचं सोडून आणखी मंद. बोगद्यापुढचा उतार आणि ती वळणं डोळ्यांसमोर होती. मागच्या गाडीला मी थांबतोय हे कळणार कसं?

तुम्ही एकच विचारलंत, "ब्रेक दाबल्यावर उजेड वाढतो का कमी होतो?" कमी होतो म्हटल्यावर हसलात आणि बल्बला हातही लावला नाहीत. मीटरची एक पिन दिव्याच्या बॉडीला, दुसरी लांब वायरीने बॅटरीच्या मायनसला. आमच्या क्लीनरला ब्रेक दाबायला सांगितलंत. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं, तिथे 14! "24 ची गाडी, त्यातले 14 परतीच्या वाटेतच सांडतायत, बल्ब काय खाणार?" मग चिमट्याची वायर थेट मायनसवरून दिव्याला लावलीत आणि मागच्या ढाब्याची भिंत लाल झाली. दोन ठिकाणी पैसे मोजून जे कळलं नाही, ते एका वायरीने दिसलं.

चूक माझीच निघाली, हे लिहिताना अजून ओशाळायला होतं. पासिंगच्या आधी मागचा आडवा चॅनेल रंगवून घेतला होता. दोन्ही दिव्यांची अर्थिंगची वायर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परतायची वाट, एकाच बोल्टवर. रंगवाल्याने लग, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या, काढले, रंग मारला आणि रंगावरच परत आवळले. करंटला वाट उरली ती बोल्टच्या गंजलेल्या आट्यांमधून. तुम्ही पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलात, लग घासले, आवळले आणि वरून ग्रीस लावलंत. मीटर 0.2 वर आला.

फ्यूजबॉक्समध्ये फ्यूजच्या जागी कुणीतरी तार गुंडाळली होती, ती मात्र तुम्ही न विचारता उपटून फेकलीत. "21 वॅटचे दोन बल्ब, दोन अँपिअरसुद्धा लागत नाहीत. तारेने वायरिंग जाळायचंय का?" आणि 10 चा फ्यूज बसवलात. बोलणी खाल्ली ती इथेच, आणि बरोबर खाल्ली.

पैसे किती, तर 150. मी दोनशेची नोट दिली, तर तुम्ही पन्नास परत केलेत आणि वर क्लीनरला सगळं पुन्हा करून दाखवलंत. तो आता दर फेरीला गाडी निघायच्या आधी मागे उभा राहून ओरडतो, "दाबा!" डाव्या बाजूला एकदा पाणी शिरलं, तेव्हा सॉकेट त्यानेच साफ केलं.

मामा, तुमची ती चिमट्याची वायर आमच्या टूलबॉक्समध्ये आली आहे. पोराने घाईत उचलली. येत्या फेरीत, पुण्याकडे जाताना, परत देतो. सोबत गुळाची एक ढेप आहे, ती परत करू नका.

आपला,
गुळाच्या गाडीवाला