पंचेचाळीस दिवसांची मुदत वर्षभर पाळली जावी : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया, स. न. वि. वि.

२०२३च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये (एच) हा खंड घातला आणि १ एप्रिल २०२४ पासून तो अमलात आला, तेव्हा इचलकरंजीतल्या आमच्यासारख्या छोट्या यंत्रमागधारकांना मोठा दिलासा वाटला होता. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे देणे लेखी करार नसल्यास पंधरा, आणि असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते केले नाही, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट ज्या वर्षी पैसे दिले त्याच वर्षी मिळेल, असा हा नियम. मुदत तशी जुनीच आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमात ती आहेच, शिवाय उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याजही आहे; पण ज्या पेढीला पुढच्या महिन्यात पुन्हा कापड विकायचे, तिच्याकडे व्याज मागायला कोण धजावणार? नव्या खंडाचे मोल एवढ्यासाठीच होते, की विक्रेत्याने तोंड न उघडताही खरेदीदाराला धाक बसणार होता.

हा धाक प्रत्यक्षात फक्त मार्चमध्ये जाणवतो. एप्रिलमध्ये विकलेल्या कापडाचे पैसे फेब्रुवारीत मिळाले, तरी आर्थिक वर्ष तेच असल्यामुळे खरेदीदाराची वजावट शाबूत राहते, म्हणजे दहा महिन्यांच्या उधारीला आयकराचा काहीच त्रास नाही. मार्चअखेरीस मात्र माल परत आल्याचे दाखवून एप्रिलमध्ये नवे बिल करायला सांगणे, किंवा सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणीच सोडायला लावत ‘उद्यम नोंदणी रद्द करा, मगच सौदा करू’ असे सुचवणे, हे प्रकार बाजारात सुरू झाले. सगळेच व्यापारी असे वागतात असे मी म्हणणार नाही. त्यांचेही पैसे पुढे अडकलेले असतात, आणि उद्यम नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला ती केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती उपयोगी पडत असल्याने विलंबित देण्याचे संरक्षण त्याला नाहीच.

या काळात कारखानदाराचे काय होते, तेही पाहावे. सुताचे पैसे थकले तर पुढचे सूत मिळत नाही, कामगारांचा पगार आणि वीजबिल थांबत नाही, आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला कापडावरचा ५ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, मग त्या बिलाचा एक रुपया हाती आलेला असो वा नसो. त्याच कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या जीएसटीतून तेवढ्या रकमेची वजावट, खरेदीदार मात्र लगेच घेतो. ते परत करण्याची सक्ती बिलापासून १८० दिवस पैसे न दिल्यावर होते. व्यापाऱ्याकडून बीम (उभ्या सुताचे रूळ) घेऊन पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने ठरणाऱ्या मजुरीवर, कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याची अवस्था याहून वाईट आहे. त्याच्याकडे लेखी करार क्वचितच असतो, म्हणून कायद्याने त्याची मुदत पंधरा दिवसांची ठरते, पण उद्यम नोंदणीच नसेल तर हे संरक्षण त्याच्या उपयोगाचे नाही.

म्हणून आपणास विनंती आहे, की उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकांच्या बिलांपुरती जीएसटीतील १८० दिवसांची मुदत ४५ दिवसांवर आणावी, असा प्रस्ताव जीएसटी परिषदेपुढे ठेवावा. बिलाची नोंद त्या प्रणालीत होतेच. पैसे दिल्याची तारीख नोंदवणे खरेदीदाराला बंधनकारक केले, तर छोट्या विक्रेत्याला तक्रारदार म्हणून पुढे यावे लागणार नाही. आयकरातही मुदतीनंतर, पण त्याच वर्षात दिलेल्या रकमेच्या काही हिश्शाची वजावट नाकारण्याचा विचार व्हावा. तो हिस्सा किती असावा, हे वस्त्रोद्योगातील दोन्ही बाजूंशी बोलून ठरवता येईल. माल परत दाखवून पुन्हा बिल करण्याच्या प्रकारांची मार्च आणि एप्रिलच्या विवरणपत्रांवरून तपासणी करण्यास तर नव्या कायद्याचीही गरज नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक यंत्रमागधारक, इचलकरंजी