धुपदाळच्या काठावर एक स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) हवाय: वाचनालयाचं आवाहन

सस्नेह नमस्कार,

दर हिवाळ्यात आमच्या वाचनालयातर्फे बेळगावच्या मुलांना घटप्रभा पक्षी अभयारण्यात नेतो. मिरज मार्गावरच्या घटप्रभा स्टेशनला उतरलं की धुपदाळचा जुना बंधारा जवळच. 1974 पासून हा परिसर अभयारण्य आहे. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारे कांड्या करकोचे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. अडचण आहे ती चिखलातल्या लहान पक्ष्यांची. चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो. पाणलावा लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसतो. शेकाट्या लाल काटकुळ्या पायांनी पाण्यातच उभा. हे सगळं लांब, पाण्याच्या कडेला.

गेल्या जानेवारीत मुलं तीस आणि दुर्बिणी दोन. पाळी येईना म्हणून सातवीतली एक मुलगी काठ उतरून खाली गेली. टिटवी ओरडली आणि अख्खा थवा उठला. मागच्या वीस मुलांना काहीच दिसलं नाही. चूक तिची नव्हती, आमच्या तयारीची होती. शिवाय परतीच्या हजारो किलोमीटरसाठी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवायची असते. दर वेळी उठवलं की ती वाया जाते.

म्हणून या हंगामाआधी तिपाईवरचा, 20 ते 60 पट मोठं दाखवणारा स्कोप घ्यायचा आहे. एकदा लावला की सगळ्यांनी काठावरूनच बघायचं, चिखलात कुणी उतरायचं नाही. तिपाईसकट खर्च 40,000 रुपये. आमच्यात 11,500 जमलेत. शंभर रुपयेही चालतील, पण पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

कपाटात जुनी दुर्बीण पडून असेल तर तीही द्या. आपल्या पावसानं भिंगाला बुरशी धरली असली तरी आणा, साफ करून घेऊ.

आणखी एक. कन्नड शाळेतली मुलंही बरोबर असतात, तेव्हा पक्ष्यांच्या नावांचा तक्ता दोन्ही भाषांत करतोय. टिटवीला कन्नडमध्ये टिट्टिभ म्हणतात, एवढं मुलांनीच आम्हाला शिकवलं. बाकीची नावं सांगणारं कुणी जाणकार असेल तर जरूर या.

देणगी रोज संध्याकाळी वाचनालयात स्वीकारू. स्कोप आला की पहिल्या सहलीला देणगीदारांनीही यावं. सकाळी लवकर निघू; डबा आणि पाणी आपापलं आणा, आणि भडक रंगाचे कपडे नकोत.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते, बेळगाव