सूचना : रविवारची फ्लेमिंगो सहल

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी आपण सहकुटुंब ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात जात आहोत. बस सोसायटीच्या गेटवरून सकाळी ६ वाजता सुटेल आणि मुलुंड-ऐरोली पुलावरून, जिथून फ्लेमिंगो पाहायची बोट सुटते त्या ऐरोलीच्या केंद्रावर पोहोचेल.

वेळेबद्दल कळकळीची विनंती. बोट भरती-ओहोटीच्या हिशेबाने सुटते. मागच्या वर्षी आम्ही चौघे वीस मिनिटं उशिरा पोहोचलो, बोट निघून गेली होती आणि मुलं धक्क्यावर रडवेली होऊन उभी होती. तसं यंदा कुणाचंही होऊ नये.

भडक कपडे आणि तीव्र वासाचे परफ्यूम टाळा. टोपी, पाणी, असल्यास दुर्बीण घ्या. लाइफ जॅकेट लहानथोर सगळ्यांनी घालायचंच. फोटोसाठी बोटीत उभं राहू नका, आणि पक्षी उडावेत म्हणून टाळ्या मुळीच नकोत. ते तिथे पोट भरायला आलेले असतात.

मुलांना एक गोष्ट नक्की दाखवा: रोहित पक्षी (म्हणजेच फ्लेमिंगो) मान खाली घालून चोच उलटी करतो आणि चिखलपाण्यातलं शेवाळ गाळून खातो. त्याचा गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो. थव्यात राखाडी दिसतील ती पिल्लं, अजून रंग न चढलेली.

२०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालेली ही जागा आपल्या घरापासून इतकी जवळ आहे, तरी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती पाहिलेली नाही.

नावं, मुलांच्या वयासह, गुरुवार रात्रीपर्यंत याच ग्रुपवर कळवा.

– सांस्कृतिक समिती