परसातली थंडी

यावल, २० डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर लांबलं ते वाफ्यांमुळे, मनात तू रोज होतास. "धुळ्याच्या घरामागे दोन वर्षं बाग केली, दोन्ही वेळा मे महिन्यात जळून गेली, आता नाव काढत नाही," असं तू लिहिलंस ते फार लागलं. कारण चूक तुझ्या हाताची नाही, महिन्याची आहे. तू रोपं आणलीस फेब्रुवारी-मार्चमध्ये. आपल्या खान्देशात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे कोवळ्या मुळांनी काय करायचं? इथे परसाचं वर्ष पोळ्याला सुरू होतं आणि होळीला संपतं. हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

आज सकाळी सातला मागचं दार उघडलं. सातपुड्याकडून असा गारठा आला की आधी कानटोपी घातली. वालाच्या वेलावर दव, जांभळी फुलं ओली. त्याखाली झेंडू, दसऱ्यापासून फुलतोय तो अजून दमलेला नाही. बिटाच्या पानांचे लाल देठ, मागे लाल माठ, आणि कुंपणाला अंबाडीची बोंडं, गडद लाल. एक बोंड तोडून दाताखाली धरलं. शाळेच्या वाटेवर आपण चोरून खायचो तोच आंबटपणा!

शेवंतीचं मात्र सांगायलाच हवं. भिंतीलगत पिवळ्या शेवंतीच्या सहा कुंड्या आहेत, सगळ्या एकाच झाडाच्या फुटव्यांच्या. श्रावणापर्यंत शेंडे खुडले, झाडं छान घुमारली. दिवाळीनंतर चार कुंड्यांवर कळ्या भरल्या, पण दाराजवळच्या दोन नुसत्या हिरव्यागार. खत दिलं, माती उकरली, जागची हलवली नाही एवढंच. एका रात्री पाणी प्यायला उठलो आणि लक्षात आलं, दारावरचा दिवा रात्रभर त्याच दोघींवर पडतोय. गणपतीत नवीन एलईडी लावला होता ना! शेवंतीला फुलायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. उजेड मध्ये आला की तिला अजून दिवस मोठेच वाटतात, आणि ती पानंच काढत बसते. तुळशीच्या लग्नापासून रात्रीचा दिवा बंद केला. काल पाहिलं तर त्या दोन्ही कुंड्यांवर कळ्या आहेत, टोकाला पिवळी रेघ दिसतेय. बायकोला हाक मारून दाखवल्या.

आता तुझ्या अंगणाचं. तुझं परस घराच्या उत्तरेला आहे, तिथे थंडीत वाफा करू नकोस. दक्षिणायनात सूर्य तिरपा असतो, घराची सावली दुपारीही तिकडेच लांब पडते. पुढच्या बाजूला, तुळशीवृंदावनाजवळ जागा कर. माती आपली काळी, चिकट. शेणखत आणि थोडी वाळू मिसळलीस तरच गाजर सरळ उतरेल, नाहीतर फाटे फुटतात. माझं पहिल्या वर्षीचं गाजर पाच बोटांच्या हातासारखं निघालं होतं.

मेथी एकदम सगळी पेरू नकोस. दर आठ-दहा दिवसांनी हातभर पट्टा पेर, महिन्याच्या आत एकेक पट्टा खुडायला येतो. धने चपलेखाली हलकेच रगडून दोन फाका कर, एका धन्यात दोन बिया असतात. घरातले कोंब आलेले कांदे रोव, पात मिळेल. पाणी सकाळीच दे, संध्याकाळी वाफा ओला ठेवू नकोस. वालावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतोच, सुरुवातीलाच निंबोळी अर्क फवार. वाटाण्यावर मात्र यंदा भुरी आली, पानांवर पांढरी बुरशी धरली, अर्धा वेल काढून टाकावा लागला. त्याचं वाईट वाटतं अजून.

आणि वांगी! भरिताची वांगी आपल्या बामणोदकडची, फिकट हिरवी, पांढरट रेघांची, हातात मावत नाहीत अशी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला उगाच घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. आई चातुर्मासात वांगं खात नसे, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच पहिला घास घ्यायची. यंदाही आम्ही तसंच केलं. शेतातल्या पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, पेटवून वांगी भाजली, साल काढून लाकडी मुसळाने ठेचली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, आणि पात-कोथिंबीर वाफ्यातून तोडून तशीच पातेल्यात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आईची जागा रिकामी होती, पण त्या धुराचा वास तोच होता.

पाकिटात अंबाडीचं बी ठेवलंय, ते मात्र पावसाळ्यात पेरायचं, आता नाही. मेथी आणि धने आजच पेरलेस तरी चालतील, अजून दोन महिने थंडी आहे. शेवंतीचे फुटवे फुलं सरली की काढून देईन.

पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन सकाळच्या एसटीने ये. तुमच्यासाठी दोन मोठी वांगी झाडावर राखून ठेवली आहेत. त्याहून उशीर करू नकोस, बी धरतील.

तुझाच,
बालमित्र