पांढऱ्या धातूचं बेअरिंग

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आपल्या जुन्या गाडीचं इंजिन चालू झाल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून उत्तर लांबलं. काल संध्याकाळी ते चालू झालं. बावीस मिनिटं सलग चाललं, मी शेजारी उभा राहून फक्त ऐकत होतो. ठोका नाही. चढाच्या रस्त्यावर तुला माझ्याही आधी ऐकू आलेला, "आत कुणीतरी दार वाजवतंय" असं तू म्हणालास तो ठोका गेला.

तू विचारलंस की बेअरिंग म्हणजे दुकानातून आणायची आणि बसवायची वस्तू, मग त्यात चौदा महिने कसे गेले? प्रश्न रास्त आहे. मलाही सुरुवातीला तसंच वाटत होतं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

त्या दिवशी घरी आल्यावर आधी ठोका कुठला ते शोधलं. इंजिन संथ चालू ठेवून लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकेक प्लग हेडला टेकवून शॉर्ट करत, म्हणजे त्याची ठिणगी बंद पाडत गेलो. पहिला, दुसरा, काही फरक नाही. तिसरा शॉर्ट केला आणि आवाज एकदम मऊ पडला. त्या सिलिंडरमध्ये स्फोट होईनासा झाला की रॉडवरचा दाब जातो आणि सैल बेअरिंग आपटायचं थांबतं. म्हणजे तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचं, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, बिग एंड: क्रँकवर बसणारं टोक. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, उतरवलं तर तळाच्या गाळात राखाडी चकाकणारे पापुद्रे. रॉडची टोपी काढली आणि बेअरिंगच्या धातूचा नखाएवढा तुकडा माझ्या तळहातावर पडला.

इथे एक गोष्ट समजून घे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपली गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए. चार सिलिंडर, सुमारे ३.३ लिटर, ४० अश्वशक्ती. तिच्या क्रँकखाली, म्हणजे पिस्टनांच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याखाली, आजच्या गाड्यांसारखी पातळ पत्र्याची बेअरिंग शेल नाहीत. ब्लॉकमध्ये आणि रॉडमध्येच पांढरा धातू वितळवून ओतलेला असतो आणि मग तो मापात कातलेला असतो. त्या धातूला बॅबिट म्हणतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये तो काढला. बहुतेक कथील, थोडं अँटिमनी, थोडं तांबं. मऊ कथिलात अँटिमनीचे कठीण स्फटिक रुतून बसलेले असतात. भार ते स्फटिक पेलतात आणि आजूबाजूचं मऊ कथील शाफ्टच्या आकाराशी जुळवून घेतं. तेलातून कचऱ्याचा कण आला तर तो या मऊपणात रुतून बसतो, क्रँकला ओरखडत नाही. क्रँक महाग, घडवायला कठीण. म्हणून झीज बेअरिंगने सोसायची, अशी ही योजना. तो तुकडा हातात घेतला तेव्हा वाटलं, नव्वद वर्षांहून जुन्या या यंत्रात याच्याइतकं इमानी काही नसेल.

आता माझी चूक सांगतो. मी घाई केली. बॅबिट नव्याने ओतून तयार केलेले रॉड मिळतात. जुने द्यायचे आणि तयार घ्यायचे. क्रँक थोडा ग्राइंड करावा लागणार हे दिसत होतं, म्हणून मी १० थाउ अंडरसाइजचा, म्हणजे तेवढ्या बारीक झालेल्या क्रँकसाठीचा, चार रॉडांचा संच मागवला. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५४. क्रँकपिनचं, म्हणजे क्रँकवर रॉड जिथे बसतो त्या भागाचं, मूळ माप दीड इंच, त्यातून १० थाउ गेले की काम होईल असा माझा अंदाज. संच आला, मी तो कपाटात ठेवला आणि मग क्रँक ग्राइंडिंगला दिला.

तिसऱ्या पिनवर ४ थाउची ओव्हॅलिटी, म्हणजे लंबगोलपणा, निघाली आणि शिवाय एक खोल ओरखडा. १० थाउ काढूनही तो पुसला गेला नाही. २० ला गेल्यावर पिन स्वच्छ झाली, आणि एक पिन २० ला गेली की चारही नेलेल्या बऱ्या, नाहीतर पुढच्या वेळी उघडणाऱ्या माणसाचे हाल. माझा संच जसाच्या तसा निरुपयोगी. परत पाठवला, २० साठी नव्याने ओतून मागितला आणि त्यात पाच महिने गेले. क्रँक आधी, मापं त्यानंतर, बेअरिंग सगळ्यात शेवटी. तू कधी एखादं इंजिन उघडलंस तर हा क्रम मोडू नकोस.

मापं घ्यायलाही मी या निमित्ताने नीट शिकलो. प्रत्येक पिन दोन टोकांना मोजायची आणि प्रत्येक टोकाला काटकोनात दोनदा. टोकांमधला फरक म्हणजे टेपर, काटकोनातला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. मायक्रोमीटर आणि क्रँक रात्रभर एकाच खोलीत ठेवायचे, म्हणजे दोघांचं तापमान सारखं होतं. आणि ग्राइंड करण्यापूर्वी क्रँकला चुंबकीय पावडर लावून तडे तपासून घ्यायचे. ते मी केलं होतं, आणि तडा नाही हे कळलं त्या रात्री शांत झोपलो. तडा गेलेल्या क्रँकवर उत्तम बेअरिंग बसवून काहीही उपयोग नसतो.

मध्येच मला अनेकांनी सांगितलं की बॅबिटचा नाद सोड, रॉड आणि ब्लॉक मोठे बोअर करून आजची शेल बसव. हे होतं आणि चांगलंही होतं. शेल बदलायला सोपी. तिचा अर्धा भाग बरोबर अर्ध्या वर्तुळाहून किंचित उंच ठेवलेला असतो, त्यामुळे टोपी आवळली की ती घरात घट्ट दाबून बसते. या दाबाला क्रश म्हणतात. मी दोन आठवडे विचार केला. या इंजिनात तेल दाबाने बेअरिंगपर्यंत जात नाही. पंप ते वर व्हॉल्व्ह चेंबरमध्ये चढवतो, तिथून ते आपल्या वजनाने क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगवर उतरतं, आणि रॉडच्या टोप्यांना असलेले चमचे खालच्या ट्रेमधलं तेल उडवून आपलं आपण घेतात. तेलाला फिल्टरसुद्धा नाही. अशा ठिकाणी कचरा पोटात घेणारा जाड मऊ थरच मला योग्य वाटला. ज्याला मोठ्या रस्त्यावर तासन्‌तास वेगात जायचं आहे त्याने क्रँकला भोकं पाडून, दाबाचं तेल देऊन शेल बसवावी, त्याचं बरोबर आहे. आपण दोघं या गाडीतून जसे फिरतो, त्याला बॅबिट पुरतं.

रॉड तयार मिळाले तरी ब्लॉकमधली तीन मेन बेअरिंग तिथेच ओतावी लागतात. हे काम करणारा माणूस शोधणं सगळ्यात अवघड गेलं. ज्याला विचारावं तो दुसऱ्याचं नाव सांगे आणि त्या दुसऱ्याने काम थांबवलेलं असे. शेवटी एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी ब्लॉक बघितला, जुन्या बॅबिटवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मधलं बेअरिंग जास्त खाल्लंय. तुम्ही जोरात पळवलीय." खरं होतं. या क्रँकला काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारी वजनं, नाहीत, वेग वाढला की तो मध्ये वाकायला बघतो आणि मार मधल्या बेअरिंगला बसतो.

ओतण्याच्या दिवशी त्यांनी मला थांबू दिलं. जुना धातू वितळवून काढला, नांगरभोकं खरवडून साफ केली. या भोकांत शिरलेला धातूच बेअरिंगला जागेवर धरून ठेवतो. मग ब्लॉक चांगला तापवला. गार लोखंडावर ओतलं तर धातू धरत नाही आणि आत पोकळ्या राहतात. मधोमध पोलादी दांडा बसवला, त्याला काजळी धरली म्हणजे बॅबिट त्याला चिकटू नये, आणि फटी मातीने लिंपल्या. धातू तयार झाला का हे बघायला त्यांनी कोरड्या पाइनच्या लाकडाची काडी बुडवली. काडी तपकिरी करपली पाहिजे, पेटली तर धातू जास्त तापलाय. जास्त तापला की तो जळतो आणि ठिसूळ होतो. पहिल्यांदा काडीतून धूर आला, त्यांनी मान हलवली आणि पळी बाजूला ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा काडी. मग एका दमात, हात न थांबवता ओतलं. हात थांबला तर दोन थर पडतात आणि ते एकमेकांना धरत नाहीत. तीन बेअरिंग, तीन पळ्या. त्या काही मिनिटांत आम्ही कुणीच बोललो नाही.

त्यानंतर लाइन बोअरिंग. तिन्ही बेअरिंग एकाच दांड्यावरच्या कातणीने एका रेषेत कापली जातात, म्हणजे क्रँक सरळ बसतो. टोपी आणि ब्लॉकच्या मध्ये पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या थरांच्या पट्ट्या, ठेवूनच हे करतात, कारण पुढे बेअरिंग झिजलं की शिमेचा एक पापुद्रा सोलायचा आणि टोपी तेवढी जवळ घ्यायची. मला ही सोय फार आवडते. ज्यांनी हे इंजिन आखलं त्यांनी गाडीचा मालक स्वतः खाली झोपून हे काम करील असं धरलं होतं.

रॉड आले तेव्हा ते मी लगेच बसवले नाहीत. रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, पुसले आणि बॅबिटच्या कडेला खडू फासला. धातू रॉडपासून सुटला असेल तर फटीतलं रॉकेल खडूवर ओलसर रेघ उमटवतं. तीन कोरडे राहिले. चौथ्यावर रेघ आली. तो परत गेला, आणखी एक महिना गेला. त्या महिन्यात मी कोपऱ्यांची गोलाई तपासली. ग्राइंडिंगनंतर पिन जिथे क्रँकच्या भिंतीला मिळते तिथली गोलाई थोडी मोठी झाली होती, आणि बेअरिंगची कड तिच्यावर चढत होती. हे वेळेत दिसलं नसतं तर पहिल्याच दिवशी बेअरिंग तापलं असतं. कडेला थोडी घळ मारून घेतली.

गिअरबॉक्सची बॉल बेअरिंग मात्र पटकन मिळाली. त्यांची मापं जगभर ठरलेली असतात. आकडा पुसला गेला असला तरी भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली की नंबर सापडतो: ६२०३ म्हणजे १७, ४० आणि १२ मिलिमीटर. ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की भोकाचं माप येतं, ६२०५ ला २५. फक्त खात्रीच्या ठिकाणाहून घे, नकली माल खूप असतो.

बसवताना क्रँकला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला, टोपी आवळून फिरवला, उघडला. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. स्क्रेपरने केसाएवढं काढायचं, पुन्हा निळं, पुन्हा आवळायचं. एका रॉडला एक संध्याकाळ. दीड इंचाच्या पिनेला १ ते दीड थाउ फट ठेवली. ही फट तेलासाठी. क्रँक फिरू लागला की तो तेलाला ओढून पाचरीसारखं आपल्याखाली घेतो आणि त्या तेलावर तरंगतो, धातूला धातू लागतच नाही. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमाराला बोशँप टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर तेल उलटं बाहेर येऊ लागलं. लाकडी बूच मारलं, तेही तेलाने बाहेर ढकललं. तिथून कळलं की आत केवढा दाब तयार होतो, आणि १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. निळ्या बोटांनी मी बसलो होतो तेव्हा ते बूच सतत डोळ्यांपुढे होतं.

नट आवळताना एक पथ्य पाळलं. स्प्लिट पिनेचं, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून घालायच्या पिनेचं, भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नाही. नट बदलायचा किंवा तळ किंचित घासायचा.

काल सकाळी व्हॉल्व्ह चेंबरमधून तेल ओतलं, ट्रे भरू दिले. प्लग काढून हँडलने बराच वेळ नुसतं फिरवलं. नवं बॅबिट घट्ट असतं, खांदे भरून आले. मग प्लग लावले, स्पार्कचा दांडा वर, म्हणजे उशिरावर घेतला, नाहीतर हँडल उलटं हातावर येतं. चौथ्या फेरीला पकडलं.

आता पहिले ८०० किलोमीटर ताशी ५० च्या वर न्यायचं नाही. मग तेल बदलायचं, चेंबर उतरवायचं आणि प्रत्येक टोपी हाताने हलवून बघायची. तेवढे किलोमीटर मी एकट्याने पुरे करणार नाही. निम्मे तुझ्यासाठी ठेवतो. तो चढ आपण पुन्हा चढू, आणि तू खिडकीकडे कान करून बस, कारण तुझे कान माझ्याहून तिखट आहेत. चेंबर उघडायच्या दिवशी जुने कपडे घालून ये.

तुझाच